खाऱ्या पाण्यात अमोनिया उतरेना: जिवाणू बदलतात की त्यांची वस्ती बदलते?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरगुती सांडपाण्याच्या एका प्रकल्पातला उत्तम चालणारा, जिवाणूंनी भरलेला गाळ आणून तुम्ही कारखान्याच्या एरेशन टँकमध्ये (हवा सोडून जिवाणूंकडून सांडपाणी साफ करायची टाकी) बी म्हणून सोडला. कारखान्याच्या पाण्यात मीठ भरपूर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला १५,००० मिलिग्रॅमच्या आसपास. आत येणारा अमोनिया ५० मिलिग्रॅम. पहिला आठवडा आउटलेटला अमोनिया ५ च्या खाली होता, दुसऱ्या आठवड्यापासून चढत गेला आणि आता जेवढा आत येतो जवळपास तेवढाच बाहेर पडतोय. ‘जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो, थांबा’ असा सल्ला तुम्हाला मिळाला. तुमचा प्रश्न दुहेरी आहे: किती दिवस थांबायचं, आणि अमोनिया खाणारे हेच जिवाणू समुद्रात, आम्ल मातीत, गरम झऱ्यात राहतात असं वाचलं, मग आमच्या टाकीतच का राहत नाहीत?

नायट्रिफिकेशनच्या, म्हणजे जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करून घेण्याच्या, टाक्या सुरू करून देणं आणि बंद पडलेल्या पुन्हा उभ्या करणं हेच माझं गेली वीसेक वर्षं काम आहे. माझ्या मते खरी अडचण ‘किती दिवस’ ही नाहीच. ‘जुळवून घेणं’ हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे तीच पेशी नव्या परिस्थितीत आपला आतला कारभार बदलते. याला काही तास ते काही दिवस लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे टाकीत आधीपासून मूठभर असलेली वेगळी जात वाढते आणि नेहमीची जात मागे पडते. याला आठवडे लागतात, कधी महिने. तिसरी गोष्ट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जनुकं बदलत जाऊन नवीच जात तयार होणं. तिचा काळ इतका मोठा आहे की टाकीच्या हिशेबात ती धरायचीच नाही. एखादी टाकी ‘सरावली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातली दुसरी गोष्ट घडलेली असते. जिवाणू शिकलेले नसतात, वस्ती बदललेली असते. आणि जी जात वाढायला हवी ती टाकीत मुळात आलेलीच नसेल, तर थांबून काहीही होत नाही.

आता हे जीव इतके आडमुठे का, ते सांगतो. एकदा ते लक्षात आलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

यांची कमाई फार तुटपुंजी आहे. अमोनिया मोनोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमने ते अमोनियाचं हायड्रॉक्सिलअमीन करतात आणि पुढे त्याचं नायट्राइट. या दुसऱ्या टप्प्यात चार इलेक्ट्रॉन सुटतात, पण त्यातले दोन पहिला टप्पा चालू ठेवण्यासाठी परत द्यावे लागतात. उरलेल्या दोनांवर संसार. त्यातूनच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीरही बांधायचं, कारण तयार सेंद्रिय अन्नावर हे वाढत नाहीत. त्यामुळे ‘नायट्रोसोमोनास युरोपिया’सारखा त्यातल्या त्यात चपळ जिवाणूसुद्धा प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीत दुप्पट व्हायला सात-आठ तास घेतो. टाकीत एक-दोन दिवस धरा. सेंद्रिय पदार्थ खाणारे त्याच टाकीतले इतर जिवाणू तासा-दीड तासात दुप्पट होऊ शकतात.

दुसरं म्हणजे त्या एन्झाइमला अमोनियम (अमोनियाचं विद्युतभारित रूप) नको असतं, अमोनिया हवा असतो. पाण्यात दोन्ही रूपं एकत्र असतात आणि वाटणी पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण साठ्यातला जेमतेम अर्धा टक्का अमोनियाच्या रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर आणि पीएच ९ ला छत्तीस टक्क्यांच्या आसपास. पीएच ७ वरून ५ वर आणला तर हातातोंडाशी येणारा घास शंभरपट कमी होतो. वर गंमत अशी, की हे जीव काम करतात तसं आम्ल तयार होतं आणि ते आपलं अन्न आपणच कमी करत जातात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते. तुमच्या ५० मिलिग्रॅमला ३५७ लागेल. तुमच्या पाण्यात ती किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी तपासा. मिठाला दोष देण्याआधी तपासायची पहिली गोष्ट हीच.

आता समुद्र, आम्ल माती आणि गरम झऱ्याबद्दल. तुम्ही वाचलं ते खरं आहे, फक्त ‘हेच जिवाणू’ हे खरं नाही. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कींनी १८९० च्या सुमाराला असे जीव वेगळे करून दाखवले, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षं अमोनियाचं ऑक्सिडेशन म्हणजे जिवाणूंच्या दोन-तीन घराण्यांचं काम असं मानलं जात होतं. २००५ मध्ये खाऱ्या पाण्याच्या एका मत्स्यालयातून ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ वेगळा केला गेला आणि चित्र बदललं. तो जिवाणू नाहीच, आर्किया आहे, म्हणजे जिवाणूंसारखाच एकपेशी पण वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव. जाडी सुमारे ०.२ मायक्रोमीटर, लांबी एक मायक्रोमीटरच्याही आत. त्याची भूक बघण्यासारखी आहे. नायट्रोसोमोनास युरोपियाला पोटभर काम करायला लिटरभर पाण्यात काहीशे मायक्रोमोल अमोनियम लागतं. हा ०.१३ मायक्रोमोलला आपल्या निम्म्या वेगाने चालतो, म्हणजे फरक हजार पटींहून जास्त. मोकळ्या समुद्रात अमोनियम एक मायक्रोमोलच्याही खाली असतं. तिथे नायट्रोसोमोनास उपाशी मरेल आणि हा सुखाने राहतो. कार्बन बांधायची त्याची पद्धतही वेगळी आणि काटकसरीची आहे. इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी जिवाणूंना लोहाची प्रथिनं लागतात, हा बरंचसं काम तांब्याच्या प्रथिनांवर भागवतो.

आम्ल मातीत आणखी वेगळाच रहिवासी सापडला. ‘नायट्रोसोटॅलिया डेव्हानाटेरा’ हा आर्किया २०११ मध्ये आम्लधर्मी शेतजमिनीतून मिळाला. तो पीएच ४ ते ५.५ मध्ये वाढतो, आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती गोष्ट अशी की उदासीन पीएचला आणलं तर तो वाढतच नाही. आम्ल सोसणारा सामान्य जीव तो नाही, आम्लातच राहणारा जीव आहे. आम्ल मातीत टिकण्याची दुसरीही एक युक्ती आहे. नायट्रोसोस्पिरासारखे काही जिवाणू युरिया पेशीच्या आत घेऊन तिथेच फोडतात, त्यामुळे बाहेरच्या पीएचवर त्यांचा घास तेवढा अवलंबून राहत नाही. गरम झऱ्यांत ‘नायट्रोसोकाल्डस येलोस्टोनाय’ आहे, ७४ अंशांपर्यंत वाढणारा. उलट टोकाला ‘नायट्रोसोमोनास क्रायोटॉलरन्स’, जो शून्याखाली उणे ५ अंशांनाही वाढतो. आणि २०१५ मध्ये कळलं की नायट्रोस्पिरा घराण्यातले काही जिवाणू अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. यांना कोमॅमॉक्स म्हणतात. कमी अमोनिया आणि पृष्ठभागावर चिकटून राहायला जागा, अशी परिस्थिती त्यांना मानवते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये ते भरपूर दिसतात.

थोडक्यात, निसर्गात एकाच जिवाणूने सगळीकडे जुळवून घेतलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा भाडेकरू आहे आणि त्या ठिकाणासाठी लागणारं सामान तो लाखो-कोटी वर्षं जमवत आलाय.

मिठासाठी लागणारं सामान काय असतं? बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ते थांबवायला पेशीला आत काहीतरी साठवावं लागतं. आधी पोटॅशियम ओढून घेतात, मग एक्टॉइनसारखे छोटे सेंद्रिय रेणू बनवतात, जे पेशीच्या कामात अडथळा न आणता आतला दाब राखतात. नायट्रोसोप्युमिलसकडे एक्टॉइन बनवायची जनुकं आहेत. शिवाय आत शिरणारं सोडियम सतत बाहेर फेकावं लागतं. हे सगळं ऊर्जा खाणारं काम आहे. ज्याची कमाई दोन इलेक्ट्रॉनांची, त्याच्यावर हा खर्च पडला की वाढीसाठी काही उरत नाही. घरगुती गाळातला नायट्रोसोमोनास मीठ अजिबात सोसत नाही असं नाही. सोसतो, पण सोसण्यातच त्याची सगळी मिळकत संपते. नायट्रोसोमोनासच्या कुळातच ‘मॅरिना’ आणि ‘मोबिलिस’सारख्या जाती आहेत ज्या खाऱ्या किंवा मचूळ पाण्यातच घरच्यासारख्या असतात. तुमच्या टाकीत पुढे ज्यांनी राज्य करायला हवं त्या या.

आता तुमच्या टाकीत काय झालं ते बघू. पहिला आठवडा अमोनिया उतरला, त्यामुळे गाळ ‘लागला’ असं वाटलं. मला तसं वाटत नाही. आणलेल्या गाळात अमोनिया मोनोऑक्सिजनेज भरलेल्या पेशी भरपूर होत्या. पेशी वाढत नसली तरी तिचं एन्झाइम काही दिवस काम करत राहतं. हे जीव उपासमारीतही एन्झाइम जपून ठेवतात आणि आठवड्यांनंतर अमोनिया मिळाल्यावर लगेच कामाला लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुम्ही जुनी शिल्लक खर्च करत होता, नवी भर पडत नव्हती. त्याच वेळी तुम्ही रोज गाळ काढत होता. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, मला आठ दिवसांच्या आसपास दिसतं. मिठाखाली या पेशींना दुप्पट व्हायला आठ-दहा दिवस लागत असतील, तर जन्मतात त्याहून जास्त बाहेर टाकल्या जातात. दुसऱ्या आठवड्यापासूनचा चढ हा मला नेमका तो हिशेब दिसतो.

पण हा अंदाज आहे. तो पक्का करायला एक साधी चाचणी आहे. मी प्रत्येक टाकीवर आधी तीच करतो, अहवाल वाचण्याआधी.

तीन बादल्या घ्या आणि मत्स्यालयाचे तीन हवापंप. पहिल्या बादलीत तुमच्या टाकीतलं गाळमिश्रित पाणी दोन लिटर, जसं आहे तसं. दुसरीत तोच गाळ, पण थोडा वेळ बसू देऊन वरचं निम्मं पाणी काढा आणि तेवढंच गोडं पाणी घाला, म्हणजे मीठ निम्म्यावर येईल. एकदम गोड्या पाण्यात टाकू नका. मिठाला बसलेली पेशी अचानक गोड्यात आली की पाणी आत घुसतं आणि जमवलेलं सगळं तिला बाहेर सोडावं लागतं. तिसरीत जिथून बी आणलं तिथला ताजा गाळ दोन लिटर, त्यात साधं मीठ घालून टीडीएस तुमच्या पाण्याएवढा करा. प्रत्येक बादलीत ०.१५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, म्हणजे लिटरला साधारण २० मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि एक ग्रॅम खाण्याचा सोडा. हवा चालू करा. सुरुवातीला, मग एक, दोन आणि चार तासांनी थोडं पाणी गाळून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तिन्ही मोजा.

तिन्ही मोजा असं मुद्दाम म्हणतोय. नुसता अमोनिया उतरला तर तो इतर जिवाणूंनी शरीर बांधायला वापरला असेल, किंवा पीएच चढून हवेत उडाला असेल. नायट्राइट आणि नायट्रेटची बेरीज वाढली तरच ते नायट्रिफिकेशन. नेस्लरच्या रसायनाने (अमोनिया असेल तर पाणी पिवळं करणारं) अमोनिया मोजत असाल तर आणखी एक सावधानता. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर नमुना गढूळ होतो आणि आकडा फसवा चढा येतो. अमोनिया ‘उतरतच नाही’ म्हणून मला बोलावलेल्या एका टाकीत अमोनिया कधीच उतरला होता. काचेची नळी उजेडात धरली तर पिवळ्या रंगाच्या जागी दुधट ढग दिसत होता.

चाचणीचा अर्थ असा लावा. पहिली बादली थंड (म्हणजे नायट्रिफिकेशन नाही) आणि दुसरी चालली, तर पेशी जिवंत आहेत, मिठाने दबल्या आहेत. टाकी हातची गेलेली नाही. पहिली आणि दुसरी दोन्ही थंड, पण तिसरी थोडीफार चालली, तर दोन शक्यता उरतात: तुमच्या गाळातले अमोनिया खाणारे वाहून गेले, किंवा कारखान्याच्या पाण्यात मिठाशिवाय दुसरं काहीतरी विष आहे. हे वेगळं करायला ताजा गाळ तुमच्या प्रत्यक्ष पाण्यात घालून चौथी बादली लावा. तीही थंड पडली तर मिठाचा विषय बाजूला ठेवून उत्पादनात काय वापरलं जातं ते शोधा. या एन्झाइमला तांबं लागतं, त्यामुळे तांबं पकडून ठेवणारी रसायनं, त्यातही थायोयुरियाच्या जातीची, अगदी थोड्या प्रमाणातही ते बंद पाडतात. तुलनेसाठी, चांगल्या घरगुती गाळात मिठाशिवाय दर ग्रॅम गाळामागे तासाला १ ते ३ मिलिग्रॅम नायट्रोजन चालतं.

मीठच कारण निघालं, तर मी काय करेन ते सांगतो.

सगळ्यात आधी गाळ काढणं थांबवेन. वय पंचवीस-तीस दिवसांपर्यंत नेल्याशिवाय मंद वाढणाऱ्या जातीला संधीच मिळत नाही. टाकीत प्लास्टिक मीडिया (जिवाणूंना चिकटायला छोटे तुकडे) टाकता येत असेल तर अधिक बरं, कारण चिकटून वाढलेला जीव पाण्याबरोबर जात नाही. मग नवं बी आणेन, पण यावेळी ते खाऱ्या ठिकाणचं. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या मत्स्यबीज केंद्राच्या बायोफिल्टरमधला मीडिया मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर खाडीच्या तोंडाशी असलेल्या एखाद्या सांडपाणी प्रकल्पाचा गाळ. प्रमाण थोडं असलं तरी चालतं, कारण इथे आपल्याला तयार फौज नको आहे, योग्य जातीचे चार जीव हवे आहेत. बाटलीतलं किंवा पावडरमधलं कल्चर घेण्याआधी त्यात कोणती जात आहे ते लेखी विचारा. अमोनिया खाणारे हे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे कोरड्या पावडरमध्ये वर्षभर टिकणारं जे असतं ते बहुधा बॅसिलस असतं, आणि बॅसिलसकडून हे काम होणार नाही.

त्यानंतर मीठ पायऱ्यांनी चढवेन. सुरुवात लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास, पाणी पातळ करून. आउटलेटचा अमोनिया ५ च्या खाली येऊन आठवडाभर तिथेच राहिला की दोन ग्रॅम वर. पुन्हा चढला तर तिथेच थांबायचं, मागे जायचं नाही. या काळात अमोनियाचा भारही निम्मा ठेवेन, पीएच ७.५ ते ८ आणि आउटलेटला अल्कलिनिटी किमान १०० शिल्लक. डीओकडे (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) जास्त लक्ष, कारण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. तुमचं पाणी या दोघांच्या मध्ये. ब्लोअरचा हिशेब गोड्या पाण्यावर केला असेल तर तो पुन्हा करा.

मध्येच एक दिवस आउटलेटला अमोनिया उतरलेला आणि नायट्राइट एकदम वर गेलेलं दिसेल. घाबरू नका, पहिली तुकडी पोचल्याची ती खूण आहे. नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे जीव असतात आणि खाऱ्या पाण्यात ते अनेकदा मागून येतात. फक्त त्या काळात पीएच खाली घसरू देऊ नका, नाहीतर नायट्रस आम्ल तयार होऊन दोघांनाही मारक ठरतं.

मीठ किती आहे यापेक्षा ते किती हलतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका टाकीवर सरासरी टीडीएस फक्त ७,००० होता, तरी अमोनिया दर आठवड्याला एकदा उसळायचा आणि पाच दिवसांनी बसायचा. आम्ही दोन महिने बी बदलत राहिलो. शेवटी मी आत येणाऱ्या पाण्यात चोवीस तास कंडक्टिव्हिटी मीटर (विद्युतवाहकतेवरून मीठ किती ते दाखवणारा) लावून ठेवला. रात्री अडीचच्या सुमारास काटा सरळ उभा चढला होता. पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनरच्या रेझिनला ज्या रात्री मीठ द्यायचे त्या रात्री सगळं ब्राइन, म्हणजे मिठाचं दाट पाणी, दोन तासांत टाकीत येत होतं. ब्राइन वेगळ्या टाकीत साठवून आठवडाभर थेंबथेंब सोडायला लागलो. मीठ तेवढंच गेलं, पण चौथ्या आठवड्यापासून अमोनिया २ च्या वर गेला नाही. समुद्राचं पाणी याहून कितीतरी खारं आहे, पण ते रोज सारखंच खारं असतं. तिथले जीव त्यावरच तगतात.

किती दिवस लागतील याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. पाण्याचं तापमान: १५ अंशांना लागणारा वेळ २८ अंशांच्या दुप्पट-तिप्पट धरा. मिठाचा प्रकार: क्लोराइड आणि सल्फेट यांचा परिणाम सारखा नसतो, नुसत्या टीडीएसवरून ते कळत नाही. आणि बी कुठलं ते. माझ्या अनुभवात खाऱ्या ठिकाणच्या बियाने, उबदार पाण्यात, पाच ते पंधरा ग्रॅमचा प्रवास दोन ते तीन महिन्यांत झालेला आहे. घरगुती बियावर तोच प्रवास कधी सहा महिन्यांत झाला, एकदा झालाच नाही.

बादल्यांची चाचणी करून चारही वेळचे आकडे, आउटलेटची अल्कलिनिटी, पाण्याचं तापमान आणि शक्य असेल तर एका पूर्ण आठवड्याची कंडक्टिव्हिटी इथे लिहा. त्यावरून पहिली पायरी पाच ग्रॅमची ठेवायची की त्याहून वर जाता येईल, ते सांगता येईल.